टेम्परेचर गनचा आकडा छापण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर उन्हाळ्याची बातमी होती, सोबत डांबरी रस्त्यावर रोखलेल्या टेम्परेचर गनचा, म्हणजे हात न लावता लांबूनच तापमान दाखवणाऱ्या पिस्तुलासारख्या यंत्राचा फोटो, स्क्रीनवर ६१.४ आणि वर मोठ्ठा मथळा की पारा ६१ पार. खाली चौकटीत आणखी दोन आकडे होते, काँक्रीटची भिंत ५४ आणि नव्या पत्र्याचं छप्पर २९, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की पत्रा सगळ्यात थंड राहतो म्हणून लोकांनी छपराला कोरा चकचकीत पत्राच टाकावा. साहेब, भर दुपारी त्या पत्र्यावर नुसता तळहात टेकवून बघायला सांगा तुमच्या बातमीदाराला, २९ आहे का ते लगेच कळेल.

मी मेन्टेनन्सवाला माणूस. मोटारी, बेअरिंग, विजेचे पॅनल, स्टीमच्या लाइनी ह्यांच्या मागे फिरायचं काम, त्यामुळे ही गन कायम हातात असते आणि ती कुठे खरं बोलते न कुठे थापा मारते हे थोडंफार माहीत झालंय. वाईट ह्याचं वाटलं की तिन्ही आकडे एकाच गनने, एकाच दुपारी घेतलेले असणार, त्यातले दोन बहुतेक बरोबर आणि तिसरा साफ चुकीचा, आणि नेमका त्या तिसऱ्यावरच सल्ला उभा केलाय.

आधी मथळ्याचं बघू, ते पटकन उरकतं. पारा म्हणून आपण जे म्हणतो ते हवेचं तापमान, आणि ते मोजायचं कसं हे ठरलेलं आहे. सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत किंवा तसल्याच आडोशात, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. जागतिक हवामान संघटनेचा नियम आहे हा. अशा रीतीने मोजलेला जगातला सगळ्यात मोठा मान्य आकडा ५६.७ अंश आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी नोंदलेला. त्याहून मोठा एक आकडा होता, लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२ सालचा ५७.८, पण नोंद घेण्यातच गडबड झाली असावी म्हणून २०१२ मध्ये संघटनेने तो बादच केला. म्हणजे बघा, नव्वद वर्षं पुस्तकात छापलेला आकडा चौकशी करून काढून टाकतात ही माणसं, आणि आपण एका फोटोवरून जागतिक विक्रम मोडून मोकळे! रस्ता ६१ अंश तापला ह्यात नवल काहीच नाही, उन्हात पडलेली जमीन हवेपेक्षा खूप जास्त तापते, इराणच्या लूत वाळवंटात २००५ मध्ये उपग्रहाने जमिनीचं तापमान ७०.७ अंश टिपलं होतं. डांबराच्या बाबतीत गन साधारण खरंच बोलते, त्यामुळे तुमचा ६१ मला मान्य आहे, फक्त तो रस्त्याचा आहे, हवेचा नाही. मथळ्यात 'रस्ता ६१ अंशांवर' असं लिहिलं असतं तर मी पेनाला हात लावला नसता.

आता पत्रा. इथे जरा थांबावं लागेल कारण सगळा घोळ इथेच आहे आणि ही चूक फक्त पेपरवाले करतात असं नाही, गन विकत घेणारी निम्मी माणसं पहिल्याच दिवशी करतात.

गन काय करते, तर ती वस्तूला हात लावत नाही आणि काही सोडतही नाही, नुसतं बघते. प्रत्येक वस्तूतून उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात, बर्फातूनसुद्धा, आणि वस्तू जेवढी गरम तेवढे ते जास्त, तेही साध्या प्रमाणात नाही, निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, चौथ्या घाताने वाढतात. श्टेफान नावाच्या शास्त्रज्ञाने हा नियम १८७९ मध्ये मांडला आणि बोल्ट्झमान नावाच्या दुसऱ्याने पाच वर्षांनी त्याचं गणित बसवून दिलं. हातातल्या साध्या गन ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींच्या पट्ट्यातले किरण घेतात, कारण रोजच्या वस्तूंचे किरण तिथेच जास्त असतात, खोलीच्या तापमानाच्या वस्तूचा जोर दहा मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि हवा त्या पट्ट्यात फारशी आड येत नाही. समोरच्या भिंगातून ते किरण आतल्या छोट्याशा सेन्सरवर पडतात, सेन्सर किंचित तापतो, आणि तो आपल्या स्वतःच्या बॉडीपेक्षा किती जास्त किंवा कमी तापला त्यावरून गन हिशोब करून आकडा दाखवते.

हिशोब करून, हे महत्त्वाचं. कारण त्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरची वस्तू किरण सोडण्यात किती चांगली आहे. तिला इमिसिव्हिटी म्हणतात, पुस्तकात उत्सर्जकता. आदर्श वस्तूची १, बाकी सगळ्यांची त्याहून कमी. माणसाची कातडी ०.९८, पाणी ०.९६ च्या आसपास, डांबर, काँक्रीट, वीट, लाकूड, रबर, कुठलाही साधा रंग हे सगळे ०.९ च्या वर. आणि चकचकीत धातू? पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम ०.०५, घासलेलं तांबं त्याहून कमी, नवा गॅल्व्हनाइझचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ०.२-०.३ च्या घरात. स्वस्तातल्या बहुतेक गनमध्ये ०.९५ हा आकडा कंपनीतूनच पक्का बसवलेला असतो, बदलायची सोयच नसते. म्हणून डांबर बरोबर, भिंत बरोबर, आणि पत्र्यावर गेलात की गन पत्र्याला भिंत समजून हिशोब करते.

हे काही नवीन शोध लागलेलं नाही. जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०४ च्या सुमारास पत्र्याचा एक चौकोनी डबा घेतला, त्याच्या बाजू वेगवेगळ्या केल्या, एक काजळी धरलेली, एक घासून लख्ख वगैरे, आणि आत गरम पाणी भरलं. पाणी एकच, डबा एकच, तापमान सगळ्या बाजूंना तेच, पण काळ्या बाजूकडून जेवढी उष्णता बाहेर पडत होती त्याच्या मानाने लख्ख बाजूकडून अगदीच थोडी. दोनशे वर्षांवर झाली ह्याला. आजही कॉलेजच्या लॅबमध्ये हा डबा असतो आणि विद्यार्थी जर्नलमध्ये रीडिंग लिहून पुढे जातात.

बरं, लख्ख धातू किरण कमी सोडतो इतकंच नाही, तो आजूबाजूचे किरण परत फेकतो, आरशासारखे. जेवढं सोडण्यात कमी तेवढं परत फेकण्यात जास्त, हा हिशोब किर्खहोफ नावाच्या शास्त्रज्ञाने बसवून दिलेला आहे. म्हणजे चकचकीत पत्र्यावर गन रोखली की तुम्ही पत्र्याचं तापमान कमी आणि पत्र्यात जे दिसतंय त्याचं जास्त मोजता. छपरावरच्या पत्र्यात काय दिसतं? आकाश. निरभ्र आकाशाकडे गन करून बघा, सूर्याकडे मात्र चुकूनही नको, सेन्सर जाईल. बऱ्याच वेळा आकडा शून्याच्या खाली जातो, काही गनवर नुसतं लो असं येतं. तेच थंडगार आकाश तुमच्या बातमीदाराने पत्र्यात मोजलं, त्यात थोडासा पत्रा मिसळला, आणि झाले २९.

एक हिशोब करून दाखवतो, कागदावर कुणीही ताडून बघू शकेल. घासून लख्ख केलेलं स्टीलचं भांडं घ्या, इमिसिव्हिटी ०.१ धरू, आत पाणी उकळतंय, म्हणजे बाहेरची बाजूही जवळपास १०० अंश. खोली २५ अंशाची. आता भांड्यातून गनकडे जे येतं त्यात दहा टक्के भांड्याचं स्वतःचं, नव्वद टक्के खोलीचं परत फेकलेलं. गन ०.९५ वर अडकलेली. चौथ्या घाताचा हिशोब मांडला तर ती साधारण ३६ दाखवते. शंभर अंशाचं भांडं, ३६ अंश! गंमत म्हणजे तेच भांडं रिकामं आणि खोलीइतकंच गार असेल तर गन बरोब्बर २५ दाखवते, कारण जे कमी पडलं ते खोलीने भरून काढलं आणि दोघांचं तापमान एकच. त्यामुळे दुकानात काउंटरवरच्या गार धातूवर गन मारून 'वा, एकदम अॅक्युरेट' म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं, चाचणी घ्यायची तर वस्तू आजूबाजूपेक्षा चांगली गरम किंवा चांगली गार पाहिजे.

मग काही जण म्हणतात महागडी गन घ्या, तिच्यात इमिसिव्हिटी सेट करता येते. येते की. पण वरच्याच भांड्यावर ०.१ च्या ऐवजी ०.१५ सेट केलं, म्हणजे टेबलातून बघून अंदाजे टाकलं, तर १०० च्या जागी ८० येतात. आणि घासलेल्या स्टीलची ०.१ आहे का ०.१५ हे तुम्हाला कोण सांगणार, टेबलं सुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, पॉलिश कसं केलं, बोटांचे डाग आहेत का, गंज धरायला लागलाय का, सगळ्याने फरक पडतो. उलट ०.९ च्या वरच्या वस्तूवर चुकलं तरी थोडक्यात भागतं, खरी ०.९२ असताना ०.९५ धरली तर शंभराला दोनेक अंशांची चूक. म्हणून आमच्या धंद्यातला सरळ नियम असा की लख्ख धातूवर आकडा जुळवत बसू नका, धातूच झाका.

झाकायचं कशाने तर साधी काळी इलेक्ट्रिकल टेप. मला विचाराल तर ह्या विषयातली सगळ्यात कामाची वस्तू हीच, हजारोंच्या गनपेक्षा. तिची इमिसिव्हिटी ०.९५ च्या आसपास, म्हणजे स्वस्त गनला जे गृहीत धरायची सवय आहे नेमकं तेच. जागा पुसून कोरडी करायची, टेप लावायची, अंगठ्याने दाबून आतली हवा काढायची कारण फुगा राहिला तर तेवढी टेप गार राहते, मग दोन-चार मिनिटं थांबायचं म्हणजे टेप धातूइतकी तापते, आणि टेपवर रीडिंग घ्यायचं. मग मुद्दाम शेजारच्या उघड्या धातूवर घ्यायचं. वाफेच्या लाइनीच्या एखाद्या लख्ख स्टीलच्या पाइपवर हे केलं की टेपवर ९० च्या पुढे आणि बोटभर बाजूला चाळिशीत असा आकडा दिसतो, आणि उघड्या भागासमोर नुसता हात हलवला तरी तो खाली-वर होतो कारण त्यात तुमचा हात दिसतोय. टेपवरचा ढिम्म हलत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस परत कधी उघड्या पाइपवर गन मारत नाही, नव्या पोरांना मी तासभर लेक्चर द्यायच्या ऐवजी हेच करायला लावतो.

दोन सूचना मात्र. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या पुढे फार वेळ टिकत नाही, मऊ पडते, चिकटा सोडते, पटकन रीडिंग घेऊन काढली तर ठीक, नाहीतर तिथे जास्त तापमान सोसणारा मॅट काळा रंग मारावा. आणि चालू पॅनलमध्ये टेप लावायला हात घालायचा नाही म्हणजे नाही. लावायचीच तर सप्लाय बंद असताना, ज्याचं काम आहे त्याने.

इथे एक गैरसमज फार घट्ट बसलाय तो सांगून टाकतो, काळी टेप म्हणून ती चालते असं लोकांना वाटतं. रंगाचा काही संबंध नाही. आपल्या डोळ्याला दिसणारा काळा-पांढरा वेगळा आणि दहा मायक्रॉनला काय होतं ते वेगळं. पांढरा ऑइल पेंट मारलेला पत्रा गनला जवळपास डांबराइतकाच काळा दिसतो. त्यामुळे तुमच्या बातमीत कोऱ्या पत्र्याशेजारी पांढरा रंग दिलेला पत्रा मोजला असता तर गनने रंगवलेला पत्रा जास्त गरम दाखवायची बरीच शक्यता होती, प्रत्यक्षात उलटं असतं, पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि स्वतःची उष्णताही आकाशाकडे भराभर सोडतो, कोरा पत्रा ऊन बऱ्यापैकी परत फेकतो पण जे शोषलं ते सोडण्यात कंजूष म्हणून तापून बसतो. म्हणजे वाचकाला अगदी उलटा सल्ला गेला. ह्याच एका कारणासाठी हे पत्र लिहायला बसलो खरं तर. गंजलेला जुना पत्रा मात्र बऱ्यापैकी खरं सांगतो, गंजाची इमिसिव्हिटी चांगली असते, आणि अॅनोडाइझ केलेलं अॅल्युमिनियमही चालून जातं.

आता लेझरचा तो लाल ठिपका. ठिपका काही मोजत नाही. तो फक्त नेम धरायला आहे, बंद केला तरी रीडिंग येतं. लोकांना वाटतं ठिपका जिथे पडलाय त्या टाचणीएवढ्या जागेचं तापमान आलं, पण गन बघते तो भाग टॉर्चच्या झोतासारखा, लांब जाल तसा पसरत जाणारा. गनच्या अंगावर १२:१ असं काहीतरी छापलेलं असतं ते हेच, बारा सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटर व्यासाचा गोल, सव्वा मीटरवरून दहा सेंटिमीटरपेक्षा मोठा. आणि त्या गोलाच्या बाहेरूनही थोडेफार किरण आत येतातच, त्यामुळे वस्तू गोलाच्या निदान दुप्पट मोठी असावी असं धरून चालायचं.

पॅनलमधली केबल लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड घ्या, दोन सेंटिमीटरची, लूज कनेक्शनमुळे ९० अंशांपर्यंत तापलेली. मागची प्लेट ३० अंश. मीटरभर लांब उभं राहून १२:१ च्या गनने ठिपका बरोब्बर लगवर धरलात तरी गन आठ सेंटिमीटरचा गोल बघतेय, त्यात लग जेमतेम सात टक्के, बाकी सगळी प्लेट. आकडा येतो ३५. लॉगबुकात लिहिलं जातं ओके, सही होते, आणि महिन्याभरात ती केबल जळते. मग चौकशीत निघतं की रीडिंग तर दर आठवड्याला घेतलं होतं! घेतलं होतं, प्लेटचं. इथे जवळ जाणं धोक्याचं असतं म्हणून ५०:१ ची गन लागते, तिचाही मीटरवरून गोल दोन सेंटिमीटरचा म्हणजे काठावरच, त्यापेक्षा चांगला थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमानाचं चित्रच दाखवणारा, पण तांबं लख्ख असेल तर वर सांगितलेल्याच कारणाने कॅमेराही तितकाच फसतो.

लेझरचं अजून एक, तो भिंगाच्या थोडा वर किंवा बाजूला बसवलेला असतो. लांबून फरक पडत नाही पण अगदी जवळून, चार-पाच सेंटिमीटरवरून छोटी वस्तू मोजताना ठिपका वस्तूवर आणि गन बघतेय शेजारी असं होतं. गन हळूहळू वर-खाली, डावी-उजवी फिरवायची, वस्तू गरम असेल तर आकडा जिथे सगळ्यात जास्त येईल तिथे खरी वस्तू. आणि शक्यतो समोरून मोजायचं. फार तिरकं, पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलात की गोलाचा लांबट अंडाकार होतो न इमिसिव्हिटीही घसरायला लागते. फोटो चांगला यावा म्हणून लांबून तिरकी धरलेली गन पेपरांत फार दिसते, तुमच्याच नाही, सगळ्याच.

काचेचं सांगायला हवं. काचेपलीकडचं ह्या गनला काही दिसत नाही, ८ ते १४ मायक्रॉनला काच म्हणजे भिंतच. बंद गाडीच्या काचेतून आत गन मारून 'गाडीतलं तापमान' म्हणून आकडा देतात तो काचेचा असतो. तसंच हवेचं तापमान गन सांगू शकत नाही, एसीच्या तोंडाशी हवेत गन धरून सोळा आले, अठरा आले म्हणणाऱ्यांनी समोरच्या जाळीचं मोजलेलं असतं. वाफ, धूर, धूळ मध्ये आली तर तेही आड येतात. भिंगावर बोट लागलं, तेलाचा शिंतोडा उडाला तर आकडा खाली येतो, आणि पुसायचं तर मऊ कापडाने, शर्टाच्या टोकाने नाही, बऱ्याच गनचं भिंग प्लास्टिकचं असतं, ओरखडे जातात त्याला.

आणि हा एक मुद्दा बातमीदारांसाठी खास. एसी गाडीतून उतरायचं, गन बाहेर काढायची आणि लगेच रस्त्यावर मारायची, हे करू नये. वर म्हटलं तसं सेन्सर स्वतःच्या बॉडीशी तुलना करतो, बॉडी अजून गार, भिंग गार, आतलं सगळं एकसारखं झालेलं नाही, अशा वेळी आकडा बराच इकडेतिकडे जातो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात वीस-तीस मिनिटं गन त्या जागी ठेवून मग मोजा असं लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. ठेवायची ती सावलीत, उन्हात तापत ठेवली तर परत तेच. थंडीतून दमट जागी आणली तर भिंगावर दव धरतं, ते तर उघड्या डोळ्यांनाही दिसतं पण बघतो कोण.

तुमच्या ६१.४ मधल्या त्या पॉइंट चारबद्दल आता. स्क्रीनवर दशांश दिसतो म्हणून तेवढी अचूकता असते असं नाही, साध्या गनची अचूकता अधिक-उणे दोन अंश किंवा दोन टक्के, जे जास्त असेल ते, अशी खोक्यावरच लिहिलेली असते, तीही इमिसिव्हिटी, अंतर सगळं नीट पाळलं तर. तेव्हा 'साधारण ६०' लिहिलं तर वाचकाचं काही बिघडत नाही. उलट दोन गावांत ६१.४ आणि ६०.८ अशी शर्यत लावली तर त्या शर्यतीला काही अर्थ नाही.

गन बरी आहे का हे घरच्या घरी बघायचं असेल तर एक जुना उपाय आहे. भांड्यात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, थोडं गार पाणी घालायचं, ढवळायचं, दोन-तीन मिनिटांनी परत ढवळून वरून सरळ, जवळून मोजायचं. शून्याच्या आसपास, एक-दोन अंश इकडेतिकडे आलं तर गन ठीक. फार वेळ भांड्यावर धरून ठेवायची नाही, भिंगावर दव येतं. उकळत्या पाण्यावर करतात काही जण पण त्यात वाफ भिंगावर येते, शिवाय उंचावर पाणी १०० ला उकळत नाही, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, म्हणून मी बर्फच सांगतो. अर्थात बर्फावर खरी ठरलेली गन २०० अंशांवर पण खरीच असेल असं नाही, तिथलं काम असेल तर लॅबमधून कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रमाण तापमानाशी ताडून घ्यावी.

कपाळावर मारायच्या गनचं लिहिल्याशिवाय राहवत नाही, २०२० मध्ये सगळ्या जगाने त्या दारोदार बघितल्या. ती गन वेगळी. ती कातडीचं तापमान घेते, जे शरीराच्या आतल्यापेक्षा कमीच असतं, आणि त्यात आपल्या हिशोबाने भर घालून शरीराचं म्हणून दाखवते. तो हिशोब कपाळाचा आहे. मनगटावर मारून तो कसा लागू होणार, पण मारायचे. उन्हातून चालत आलेला माणूस, घामाने ओलं कपाळ, थंडीत टोपी काढून लगेच पुढे केलेलं डोकं, ह्या सगळ्यांत आकडा भलताच येतो. आणि ह्याच्या उलट पाइप मोजायची आमची गन माणसाच्या कपाळावर धरली तर ३३-३४ दाखवणार, ती बिघडलेली नसते, कातडी खरंच तेवढी असते. बाकी गनमधून किरण डोक्यात जातात आणि मेंदूला इजा होते अशी एक अफवा तेव्हा फिरली होती, अजूनही अधूनमधून मोबाईलवर येते. गन काहीच सोडत नाही, कपाळातून निघालेले किरण नुसते घेते. लेझरवाली औद्योगिक गन मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर धरू नये, तो लेझरचा प्रश्न आहे, तापमानाचा नाही.

पत्र लांबलंय, मला कल्पना आहे, कापायचं असेल तर कपाळाचा आणि विक्रमांचा भाग कापा, पण पत्र्याचा आणि टेपचा ठेवा ही विनंती.

मागणी एवढीच की असा फोटो छापताना खाली एक ओळ द्या, कशाचा पृष्ठभाग, रंगवलेला का कोरा, किती अंतरावरून, किती वाजता, ऊन होतं का ढग. हवेचं तापमान द्यायचं तर वेधशाळेचा आकडा वेगळा द्या, दोन्ही शेजारी छापले तरी चालेल, वाचकाला उलट समजेल की रस्ता हवेपेक्षा किती पुढे गेलाय. आणि त्या छपराबद्दल खुलासा येऊ द्या, कारण लोक घरं बांधताना असली कात्रणं जपून ठेवतात. बातमीदाराला परत त्याच छपरावर पाठवायचं असेल तर दुपारचीच वेळ धरा, गन अर्धा तास आधी सावलीत ठेवा, पत्र्यावर वीतभर काळी टेप एकाला एक लागून चार-पाच पट्ट्या लावा म्हणजे गोल टेपच्या बाहेर जाणार नाही, पाच मिनिटं थांबा आणि टेपवरचं व कोऱ्या पत्र्यावरचं असे दोन्ही आकडे एकाच फोटोत येतील असं बघा. तो फोटो छापलात तर माझ्या ह्या पत्राची गरजही उरणार नाही, तोच छापा.

आपला,
एक मेन्टेनन्सवाला वाचक